झाडावरचं खोगीर

प्रिय ट्वायला,
वाळवंटात राहून दर नाताळाला बर्फाचंच चित्र असलेलं कार्ड पाठवणाऱ्या माझ्या बहिणीस,

पाकिटावरचं माझं अक्षर पाहून तुझ्या छातीत धस्स झालं असेल. नाताळ अजून लांब आहे, आणि एरवी आपल्या घरात कुणी कुणाला लिहीत नाही. लिहिलं तर कुणीतरी गेलेलं असतं. म्हणून आधी सांगून टाकते, कुणी गेलेलं नाही. जायला आता तू आणि मीच उरलोय, आणि मी तर खाऊनपिऊन बरी आहे. डाव्या गालावर एक डाग आहे. आधी निळा होता, आता पिवळा पडत चाललाय. बेकरीतली मुलगी रोज त्याच्याकडे बघते आणि रोज काही न विचारता पाव पिशवीत घालते. त्या डागाची हकिगत पुढे येईलच. सुरुवातीपासून सांगितल्याशिवाय तुला ती वेडेपणाची वाटेल. सुरुवातीपासून सांगूनही वाटेल, पण निदान पूर्ण तरी कळेल.

मी आता गावात, बेकरीच्या वरच्या दोन खोल्यांत राहते. भेटेल तो म्हणतो, लव्हॉन, मजा आहे तुझी, डोळे उघडले की ताज्या पावाचा वास. वास येतो खरा. पण मी उठते तेव्हा भट्टी नुकती पेटत असते. गायींनी जन्मभर लावलेली सवय. गायी गेल्या, सवय राहिली. उठायचं, कॉफी टाकायची आणि खिडकीशी उभं राहून विचार करायचा की आता काय. मर्ल होता तेव्हा त्या वेळी आम्ही काही बोलत बसायचो असं नाही. तो गोठ्याच्या त्या टोकाला, मी ह्या टोकाला, मध्ये दूध काढायच्या यंत्राची घरघर. पण त्या टोकाला कुणीतरी आहे हे न बघता ठाऊक असायचं. आता दोन्ही टोकांना मीच.

फेब्रुवारीत तू मर्लच्या मातीला आलीस. जमीन इतकी गोठली होती की खड्डा खणायला यंत्र आणावं लागलं, आणि तुझ्या त्या पातळ बुटांत तुझे पाय निळे पडले. संध्याकाळी स्वयंपाकघरात ताटल्या पुसता पुसता तू म्हणालीस, "ये ना तिकडे. खोली रिकामीच आहे." मी म्हटलं, "बघू." आपल्या आईच्या घरात 'बघू' म्हणजे 'नाही', हे तुला ठाऊक, मला ठाऊक. तू परत विचारलं नाहीस, मी परत विषय काढला नाही. मला राग आला नव्हता, तुलाही आला नसेल. आपण दोघी तशाच आहोत, एवढंच. पण खरं सांगू, मी तिकडे येऊन करणार काय? तुमच्याकडे झाडांना पानंच नाहीत, काटे आहेत.

उन्हाळा कसाबसा गेला. शेताच्या विक्रीच्या कागदांत, भांडी वाटण्यात, मर्लचे कोट चर्चला देण्यात. मग सप्टेंबर आला, मेपलचे शेंडे लाल झाले, आणि माझे हात शिवशिवायला लागले. तुला शिकारीचं कधीच काही वाटलं नाही, तू बाबांबरोबर एकदा गेलीस आणि पाय गारठले म्हणून रडत परत आलीस. मी मात्र लग्नानंतर एकही शरद ऋतू हरणामागे न जाता घालवलेला नाही. मर्ल वरच्या रानात त्याच्या लाकडी मचाणावर, मी खालच्या वळणावरच्या मचाणावर, त्याला पायऱ्या होत्या, कठडा होता, बसायला जुन्या ट्रॅक्टरची सीट होती. दोन्ही मचाणं शेताबरोबर गेली. नव्या मालकानं शिकारीचा हक्क शिकागोच्या एका टोळक्याला दिलाय. मी विचारायला गेले तेव्हा तो अवघडला बिचारा. म्हणाला, तुम्हाला नाही म्हणवत नाही, पण लिहून दिलंय. मी म्हटलं, मग नकाच म्हणू, आणि गाडी वळवली.

राहिलं सरकारी रान, किकापू नदीच्या काठचं. तिथे मचाण बांधून ठेवता येत नाही. जे नेशील ते पाठीवर न्यायचं आणि उतरताना काढून परत आणायचं. लोखंडी मचाण पाठीवर घेऊन टेकडी चढायची माझी कंबर राहिलेली नाही. जमिनीवर बसावं तर झाडीतून दहा पावलांपलीकडचं दिसत नाही. मग वाचनालयात एका शिकारीच्या मासिकात मी ते खोगीर पाहिलं. खोगीर म्हटल्यावर तुझ्या डोळ्यांसमोर घोडा येईल, पण हे घोड्याला नाही, माणसाला घालायचं. कमरेला पट्टा, मांड्यांत दोन फासे, आणि बुडाखाली रुंद जाड कापडाची झोळी. झोळीच्या दोन टोकांत पुढे एक दोर, तो कडीनं अडकवायचा वर बुंध्याला बांधलेल्या दुसऱ्या दोराला. पाय टेकायला परातीएवढी एक फळी, ती बुंध्याला पट्ट्यानं आवळायची, तिचे लोखंडी दात झाडात रुततात. मग मागे रेलायचं, आणि झाडाकडे तोंड करून लटकत राहायचं. हरीण ज्या बाजूनं येईल त्या बाजूला पायावर वळायचं. सगळं मिळून एका पाठपिशवीत बसतं. मी तो लेख तिथेच दोनदा वाचला. ह्या वयात लटकायचं म्हणजे काहीतरीच, असं मनात आलं. मग मनात आलं, काहीतरीच म्हणायला तरी घरात कोण आहे?

पहिलं खोगीर मी घरबसल्या मागवलं आणि फसले. माप मी कमरेचं दिलं, जीन्सचं देतात तसं. आलं ते अंगात घालून स्वयंपाकघरात उभी राहिले तर झोळी गुडघ्यांकडे निघाली. वर आणखी काय काय मागवलं होतं म्हणशील तर धनुष्य टांगायचा हूक, पिशवी टांगायचा हूक, हूक टांगायची पट्टी, फोनची खोळ, पाण्याच्या बाटलीची खोळ. एकटं माणूस खरेदी करतं तेव्हा 'हे कशाला' म्हणणारं कुणी नसतं बघ. खोगीर परत गेलं आणि खोगीरभरती माझ्याकडे राहिली.

मग मी एमेट टॉलेफसनच्या दुकानात गेले. पेट्रोलपंपाच्या मागे त्याचं धनुष्यबाणांचं दुकान आहे, तू असताना तिथे खताची वखार होती. एमेट आमच्याच चर्चला येतो, खर्जात गातो आणि एरवी बोलत नाही. काउंटरशी दोघं म्हातारे टोप्या घालून कॉफी पीत बसलेले होते. ते तिथे कायमचेच असावेत. एमेट कोपऱ्यात खोके रचत होता, त्यानं मान वर न करता विचारलं, "मिस्टरांसाठी बघताय का?"

मी म्हटलं, "मिस्टर फेब्रुवारीत गेले. माप माझं घ्या."

तेव्हा त्यानं मान वर केली. मला ओळखलं, कानापर्यंत लाल झाला. मला वाटलं आता ते सगळं परत होणार, वाईट झालं, देवाघरी सुखी असतील, वगैरे. पण तो फीत घेऊन आला आणि म्हणाला, "कोट घालून आलात ते बरं केलंत. माप कोटावरूनच घ्यायचं असतं." ट्वायला, ह्या वर्षात मला कुणी बोललेलं ते सगळ्यात मायेचं वाक्य होतं.

त्यानं नितंबांवरून माप घेतलं, थंडीच्या जाड विजारीसकट, आणि तीन खोगिरं काढली. एक अगदी हलकं, सगळ्यात महाग. त्यावर माझी नजर गेली तर म्हणाला, ते रोज मैलोन्मैल चालणाऱ्या पोरांसाठी आहे, अरुंद आहे, तासाभरानं मांड्या बधिर होतील. दुसरं दोन पदरांचं, एक पदर बुडाखाली, एक पाठीशी, हवं तसं सरकवता येणारं. तिसरं एकपदरी, रुंद, साधं. नव्या माणसानं सरकवासरकवीच्या नादाला लागू नये, असं त्याचं मत. वर गेल्यावर हाताला काम जितकं कमी तितकं बरं. दोरांच्या बाबतीत मात्र तो हटूनच बसला. मला एका शेजारणीच्या मुलाचे जुने दोर फुकट मिळत होते, ते मी दाखवायला नेले होते. त्यानं बोटांतून फिरवले, एका जागी तंतू पिंजारलेले होते तिथे थांबला, आणि सरळ कचऱ्याच्या डब्यात टाकले. "खोगीर जुनं चालेल, पायऱ्या जुन्या चालतील," म्हणाला, "दोर नाही." पायऱ्या म्हणजे बुंध्याला पट्ट्यानं आवळायच्या लहान लहान शिड्या, खाली एक, तिच्यावर एक, अशा चढत जायच्या. त्या त्यानं मला खरंच जुन्या दिल्या, कुणीतरी परत आणून टाकलेल्या. लोखंडाचा आवाज होऊ नये म्हणून मी घरी त्यांना गायींच्या पायाला गुंडाळायची चिकट पट्टी गुंडाळली. एक अख्खा खोका उरला होता. तेवढीच आमच्या गोठ्याची आठवण रानात जाते.

पण मधलं सांगायचं राहिलं. विकत घेण्याआधी त्यानं मला लटकवलं. दुकानाच्या आढ्याला जाड तुळई आहे, तिथे दोर बांधला, मला खोगीर चढवलं, कडी अडकवली, आणि म्हणाला, मागे रेला. मी दोर दोन्ही हातांनी गच्च धरला होता. कॉफीवाल्यांपैकी एक म्हणाला, "एमेट, तिचं झालं की मला टांग. बायको रोज विचारते, दिवसभर कुठे लटकतोस म्हणून." एमेटनं त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. मला म्हणाला, "हात सोडा."

"सोडले तर?"

"तर काही नाही."

मी सोडले. आणि खरंच काही झालं नाही. झोळीनं मला खालून उचलून धरलं, सगळीच्या सगळी, कोट, बूट, गुडघेदुखी, सगळ्यासकट. फेब्रुवारीनंतर लोक हात हातात घेतात, खांदा थोपटतात, मग हळूहळू तेही थांबतं, ते बरोबरच आहे, कुणी किती दिवस थोपटेल? पण माझं वजन माझ्याशिवाय दुसऱ्या कशावर तरी पडलंय, असं तेव्हापासून पहिल्यांदाच झालं. समोर तेलाच्या डब्यांची रांग होती, ती मला धूसर दिसायला लागली. मी म्हटलं, ह्या रबराच्या वासानं डोळे चुरचुरतात. एमेट म्हणाला, हो, नवीन मालाचा वास असतो. आणि पुन्हा खोके रचायला गेला, अगदी सावकाश. त्यानं मला उतरा म्हटलं नाही. मीच शेवटी लाज वाटून उतरले.

महिनाभर मी चर्चमागच्या मेपलवर सराव केला, जमिनीपासून हातभर उंचीवर. पायरी आवळायची, कमरेचा दोर बुंध्याभोवती टाकून पुढच्या पायरीवर जायचं, वरचा दोर बांधायचा, कडी लावायची, लागली का परत बघायचं, मगच कमरेचा सोडायचा. पाद्रीबाई कचरा टाकायला बाहेर आल्या आणि बघतच राहिल्या. म्हणाल्या, "लव्हॉन, वर जायची एवढी घाई?" मला इतकं हसू आलं की फळीवरून पाय सुटला आणि मी झोक्यासारखी फिरले. त्या दिवशी घरी आल्यावर मी ते कुणाला सांगावं म्हणून फोन हातात घेतला आणि ठेवून दिला.

आणि मग खरं रान. शनिवार नको, शनिवारी गर्दी असते, म्हणून मधल्या वारी गेले. दुपारी गाडी पुलाशी लावली, ओढ्याच्या काठानं वर गेले. हवा माझ्या तोंडावर, ओकांची फळं खाली चादरीसारखी पडलेली, हरणांच्या पाऊलवाटेवर ताजी लेंडी. सगळं जिथल्या तिथे होतं, चुकलं एकच. मी जे झाड निवडलं ते सालपटं सुटणाऱ्या जातीचं होतं, ज्याची साल लांब लांब ढलप्यांनी लोंबते ते. बुंधा सरळ, जागा मोक्याची, मी भुलले. फळीचे दात सालीत घुसले, झाडात नाही. मी वर चढले, दोर बांधला, खाली ठेवलेलं धनुष्य दोरीनं वर ओढून घेतलं, बुंध्याला बांधलेल्या हुकाला टांगलं आणि रेलले. एवढं चांगलं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. खाली नदीचा आवाज, उन्हाचे कवडसे, खारींची पळापळ. मग उजव्या खांद्यामागे फळं चघळल्याचा आवाज आला. मी फळीच्या कडेवर पाय सरकवला, साल सुटली, फळी गर्रकन फिरून बुंध्याच्या मागे गेली, आणि मी गालावर झाडाला जाऊन आपटले. वरच्या खिशातला फोन खाली गेला. पाय हवेत.

दोरानं त्याचं काम चोख केलं. मी पडले नाही, सांगायचं म्हणजे मी अजिबात पडले नाही. नुसती लटकले. वळण्याच्या नादात पायरी बुंध्याच्या दुसऱ्या अंगाला राहिलेली, बुंधा माझ्या मिठीत न मावणारा, आणि वजन पडलं की वरच्या दोराची गाठ इतकी आवळते की ती हातानं सरकत नाही. मी दोनदा पायरीकडे झोका घेतला, दोन्हीदा परत आले. मग मी हाक मारायला तोंड उघडलं. आणि ट्वायला, कुणाचं नाव घेऊन हाक मारावी ते मला सुचलं नाही. नुसतं 'अहो, कुणी आहे का' म्हणायचं, तेही माणसं असलेल्या ठिकाणी. तोंड उघडं राहिलं आणि मी ते मिटलं.

तेवढ्यात तो आला. मोठा नर, मानेला आतापासूनच फुगवटा आलेला, शिंगं वेलीच्या जाळीसारखी. माझ्या पायांखालून, बरोबर माझ्या बुटांखालून, फळं चघळत गेला. मर्लनं त्याच्यासाठी दहा वर्षं वाट बघितली असती. धनुष्य हुकाला, हाताच्या अंतराबाहेर. मी श्वास रोखून लटकत होते आणि मनातल्या मनात मर्लला सांगत होते, बघ, बघ हा कसला आहे. तो निघून गेला, सावकाश, मी म्हणजे झाडावर वाळत घातलेलं काहीतरी आहे अशा थाटात.

तो गेल्यावर रान फार शांत झालं. मला एक गोष्ट आठवली जी मी इतकी वर्षं गोष्ट म्हणून लक्षातच ठेवली नव्हती. मी घरी राहायचे त्या दिवशी मर्ल धनुष्य घेऊन निघाला की दारातून ओरडायचा, आज ओढ्यावरचा ओक, किंवा आज वरची खिंड. मी भांडी घासताना नुसतं 'हं' म्हणायचे. काळोख पडायला लागला की एकदा खिडकीतून बघायचे, गाडीचा दिवा दिसला की बटाटे टाकायचे. एवढंच. जन्मभर मला वाटत होतं की अशा दिवशी शिकार तो करतो आणि मी नुसती घरी असते. तसं नव्हतं. तो तिकडे बिनघोर झाडावर बसायचा, कारण तो कुठल्या झाडावर आहे ते एका माणसाला माहीत असायचं. आणि त्या क्षणी मी कुठल्या झाडावर आहे हे ह्या अख्ख्या पृथ्वीवर कुणालाच माहीत नव्हतं. मी विचार केला, माझी उणीव आधी कुणाला भासेल? बेकरीतल्या मुलीला वाटेल, बाई पाव खायची थांबली. रविवारी चर्चमध्ये वाटेल, सर्दी झाली असेल. वाचनालयातल्या बाईला मात्र नक्की कळेल, तिची पुस्तकं उशिरा आली की ती फोन करतेच. माझी पुस्तकं परत करायला अजून बराच अवकाश होता.

हे आठवून मला हसूच आलं, आणि हसता हसता मी चिडले. मग मी झोके घ्यायचं सोडून दिलं. गुडघे सालीला लावले आणि खेकड्यासारखी बुंध्याभोवती तिरकी तिरकी सरकायला लागले. साल सुटायची, मी परत यायचे, परत लागायचे. मांड्या बधिर झाल्या, गालातून रक्त कॉलरीत गेलं. शेवटी बुटाचं टोक पायरीला लागलं. त्या पायरीला गुंडाळलेली ती चिकट पट्टी बुटाला अशी धरून राहिली की मी मोठ्यानं रडले, आता सांगायला हरकत नाही. कमरेचा दोर टाकला, कडी दोनदा तपासली, आणि एकेक पायरी करत खाली आले. फोन पाचोळ्यात धडधाकट पडला होता. त्यावर कुणाचा निरोप नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी एमेटकडे फळीचा पट्टा बदलायला गेले. त्यानं माझा गाल बघितला. कॉफीवाल्यांनी पण बघितला, आणि पहिल्यांदाच कुणी विनोद केला नाही. झाड कसलं होतं ते मी सांगितलं. त्यानं डोळे मिटले आणि मान हलवली, एवढंच. मग पट्टा मोजता मोजता म्हणाला, "तुम्ही कुठे आहात ते कुणाला माहीत होतं?"

मी म्हटलं, "बहिणीला."

का म्हटलं, कोण जाणे. तोंडातून निघून गेलं. खोटं बोलायचं ठरवून बोलले नाही.

"मग तिनं फोन केला का, उशीर झाला तेव्हा?"

मी म्हटलं, "तिची काळजी करण्याची पद्धत शांत आहे."

त्यानं कागदाचा चिटोरा आणि पेन्सिल पुढे सरकवली. म्हणाला, "तिचा नंबर लिहून द्या. दुकानात असू दे. इथे येणाऱ्या एकट्या शिकाऱ्यांचे मी ठेवतो." मी पेन्सिल हातात घेतली. तुझा जुना नंबर मी लिहायला लागले आणि अर्ध्यावर थांबले, कारण तो तर तुम्ही घर बदललंत तेव्हाच बंद झाला. नवा तू मला मातीच्या वेळी दिला असशील, मी तो कुठेतरी ठेवला असेन. माझ्या फोनमध्ये गुरांच्या डॉक्टरचा नंबर आहे, बर्फ काढणाऱ्याचा आहे, मर्लचा अजून आहे. तुझा नाही. मी एमेटला म्हटलं, चष्मा विसरले, उद्या आणून देते. तो म्हणाला, बरं. त्याला कळलं असावं.

घरी येऊन मी तुझं नाताळचं कार्ड शोधलं, पत्त्यासाठी. पत्ता सापडला. आणि खाली फक्त तुझी एकटीची सही दिसली. दर वर्षी नवराबायकोची दोघांची असते, ह्या खेपेला वेंडेलचं नाव नव्हतं. त्या वेळी मी ते पाहिलं होतं गं, पण वाटलं, घाईत राहिलं असेल. मातीलाही तू एकटीच आलीस, आणि खोली रिकामी आहे म्हणालीस. मी विचारलं नाही. आपल्या घरात विचारत नाहीत. आता विचारते. वेंडेल कुठे आहे? तू अजूनही रोज सकाळी त्या दगडांच्या दऱ्यांत फिरायला जातेस का, आणि आता एकटीच? कुणाला सांगून जातेस?

तर हे पत्र त्यासाठी. मला तुझा नंबर पाठव. मी तिकडे राहायला येणार नाही, तू इकडे येणार नाहीस, ते सोडून देऊ. पण मी झाडावर चढण्याआधी तुला एक ओळ पाठवीन, कुठलं रान, कुठल्या बाजूचं झाड, आणि खाली आले की आणखी एक. उत्तर द्यायला नको, नुसतं मनात 'हं' म्हण. आमच्याकडे काळोख पडतो तेव्हा तुमच्याकडे अजून ऊन असतं, तेव्हा उन्हात बसून तू बघ, दुसरी ओळ आली का. नाही आली तर इथल्या शेरिफला फोन कर, लाजू नकोस, नंबर मागच्या पानावर लिहिलाय. आणि तू दरीत उतरण्याआधी मला तशीच एक ओळ पाठव, मी त्या वेळी उठलेलीच असते, खिडकीशी उभी असते, मला बघायला काहीतरी होईल. खोगीर तपासून, दोर गुंडाळून दारामागे टांगून ठेवलंय. नोव्हेंबर लागतोय, नर माद्यांच्या मागे धावायला लागतील, वर्षातले हेच थोडे दिवस. तो मोठा शिंगवाला अजून तिथेच फिरतोय. पण तुझा नंबर येईपर्यंत मी जमिनीवरच आहे.

तुझ्या पत्राकडे डोळे लावून बसलेली, तुझीच थोरली,
लव्हॉन